गोळ्या अकरा होत्या, आईला विचारलं कोणीच नव्हतं

हे लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, कारण यातली निम्मी चूक माझीच आहे. पण गावात वयस्कर आईवडील आणि मुलं मुंबईला अशी घरं कोकणात वाडीवाडीत आहेत, त्यातल्या एखाद्याला उपयोग झाला तरी पुरे.

आई आता ७४ ची. देवगड तालुक्यात आमचं घर, बाबा २०१९ ला गेले, तेव्हापासून ती एकटीच राहते. मी डोंबिवलीला, भाऊ पुण्यात. बीपी आणि शुगर दोन्ही आठ-दहा वर्षांपासून. २०२२ पासून एका मोठ्या खाजगी दवाखान्यात आम्ही तिला दाखवत होतो. दर तीन महिन्यांनी आमच्यापैकी कोणीतरी गावी यायचं, गाडी करायची, सकाळी आठला नंबर लावायचा, साडेअकरा-बाराला आत जायचं आणि तीन मिनिटांत बाहेर. डॉक्टर हुशार होते, वाईट माणूस अजिबात नव्हते, बाहेर ऐंशी पेशंट बसलेले असताना ते तरी काय करणार. पण व्हायचं असं की बीपी मोजलं, १७० आलं, "गोळ्या चालू आहेत ना?" म्हणून ते माझ्याकडे बघायचे, मी म्हणायची "हो", आणि एक गोळी वाढायची. आई काय म्हणायची? "बरा आसा." प्रत्येक वेळी तेच, बरा आसा. बाहेर आल्यावर मी चिडायची की अगं गुडघे दुखतात, चक्कर येते, झोप नाही, हे सांगायचं ना, तर म्हणायची, "त्यांचो वेळ कशाक फुकट घालवूचो, भायर माणसा बसली हत."

असं करत करत एप्रिल २०२५ पर्यंत गोळ्या झाल्या अकरा. सगळ्या एका डॉक्टरांच्या नव्हेत, हेही सांगायला हवं. गुडघ्यासाठी हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी होती, चक्करसाठी कानाच्या डॉक्टरांनी दिलेली, झोपेची कोणी सुरू केली ते आता आठवतही नाही. कुठल्याच डॉक्टरांपुढे सगळ्या पट्ट्या एकत्र कधी आल्या नव्हत्या.

१२ एप्रिलला मी गावी आले, ऑफिसने महिनाभर घरून काम करायला परवानगी दिली होती. आल्यावर बघते तर डब्यात गोळ्या तशाच, काही पट्ट्यांना हातच लावलेला नाही. मी खूप बोलले तिला. आम्ही एवढ्या लांबून येतो, पैसे खर्च करतो आणि तू गोळ्याच घेत नाहीस. ती गप्प बसली, खाली बघून भाजी निवडत राहिली. मग मी मेडिकलमधून तो सात दिवसांचा खणांचा डबा आणला, १८० रुपयांचा, आणि सकाळ-दुपार-रात्र स्वतः समोर उभी राहून गोळ्या द्यायला लागले. एकही चुकवली नाही. मला वाटत होतं मी चांगलं काम करतेय.

दुसऱ्या आठवड्यापासून ती मलूल दिसायला लागली. गळून गेल्यासारखी, जेवण कमी, नुसती पेज, तीही मिठाशिवाय कारण बीपीला मीठ बंद असं कधीतरी कोणीतरी सांगितलेलं आणि ती ते इमानेइतबारे पाळायची. आणि मे महिन्यातला आमच्याकडचा उकाडा, दिवसातून दोनदा लुगडं भिजतं घामाने. मे लागल्यावर ती एक-दोनदा विसरल्यासारखं बोलली, बाबा बागेतून आले का असं विचारलं. मी घाबरले पण वाटलं वय झालं, आता हे सुरू होणारच. हे वाक्य मनात आलं होतं हे मला आज फार लागतं.

९ मे, शुक्रवार, पहाटे पाचला पडवीत पडल्याचा आवाज आला. डोक्याला खोक, कोपर सोललेलं, आणि काय विचारावं ते कळत नाही अशी नजर. शेजारच्या काकांनी गाडी काढली, आधी तालुक्याला मलमपट्टी आणि ईसीजी, मग डोक्याचं स्कॅन हवं म्हणून पुढे कणकवलीला खाजगीत. नांदगाव तिठ्यापर्यंत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि ती मला ओळखत नव्हती. स्कॅन ठीक आलं, रक्तस्राव नाही. पण रक्तातलं सोडियम ११७. नॉर्मल १३५ ते १४५ असतं. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं की लघवी वाढवणारी बीपीची गोळी, मीठ बंद आणि घाम, तिन्ही मिळून हे झालं असणार, म्हाताऱ्या माणसात असं होतं. आणि ते भराभर भरूनही काढता येत नाही, दिवसाला आठ-दहाच्या वर वाढलं तर मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून दोन दिवस आयसीयू आणि दर काही तासांनी रक्त तपासणी. पाच दिवसांचं बिल ३८,६०० झालं, औषधं वेगळी.

तिसऱ्या दिवशी तिने मला नावाने हाक मारली. मी बाहेर जाऊन रडले.

१४ मेला घरी सोडलं. सोडियम खाली नेणारी ती गोळी त्यांनी बंद केली होती, बाकीच्या दहा तशाच. एक टीप इथेच देते, डिस्चार्ज कार्डसोबत सगळे रक्ताचे रिपोर्ट, दर दिवसाचे, मागून घ्या, नुसता शेवटचा नको. मला ते नंतर फार उपयोगी पडले.

कोपराची जखम बांधायला रोज कणकवलीला जाणं शक्यच नव्हतं. म्हणून १९ मेला, सोमवारी, आमच्या पीएचसीत, म्हणजे सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, रिक्षाने जाऊन येऊन २०० रुपये. खरं सांगायचं तर पीएचसी म्हणजे सर्दी-खोकला, लस आणि कुत्रं चावलं तर इंजेक्शन, एवढंच माझ्या डोक्यात होतं. केसपेपरला पैसे लागत नाहीत, १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत केलेत, हेही मला तिथे गेल्यावर कळलं. डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी, लातूरकडची, एमबीबीएस झाल्यावर एक वर्षाच्या बाँडवर, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेवर आलेली. मालवणी तिला अर्धीमुर्धी कळायची.

तिने जखम बघितली, डिस्चार्ज कार्ड नीट पूर्ण वाचलं, आणि मग खुर्ची ओढून आईच्या बाजूला घेतली. काहीतरी विचारलं तर नेहमीसारखी मीच उत्तर द्यायला लागले. तिने माझ्याकडे बघून शांतपणे म्हटलं, "ताई, मला आजींकडून ऐकायचंय." मग आईला म्हणाली, "आजी, माझ्या आजीच्या आठवड्यातून दोन-तीन दिवस तरी गोळ्या राहूनच जातात. तुमच्या किती दिवस राहतात?"

घेता का नाही असं नाही विचारलं. किती दिवस राहतात, असं विचारलं.

आईने माझ्याकडे बघितलं. डॉक्टरनेही ते बघितलं असणार, कारण ती लगेच मला म्हणाली, ताई, बाहेरच्या सिस्टरांकडून केसपेपरवर नोंद करून आणता का. मी गेले. दहा मिनिटांनी आत आले तर आई बोलत होती, हात हलवून हलवून, जशी ती शेजारणीशी बोलते तशी.

नंतर आईला विचारून, तिच्यासमोरच, डॉक्टरने मला सांगितलं. आई लघवीच्या दोन्ही गोळ्या जवळजवळ तीन वर्षं नीट घेतच नव्हती. बाजाराला जायचं, देवळात जायचं, काजी (काजू) गोळा करायला जायचं त्या दिवशी नाही, आणि रात्रीची तर कधीच नाही. "गोळी घेतल्यार घडये घडये भायर जावचा लागता. एसटीत खय जातलंय? आणि रातचा पडवीतसून उतरान जावचा, काळोख." एकदा एसटीत कपडे खराब झाले होते तिचे. ते तिने कोणालाच सांगितलं नव्हतं, मला पण नाही. आणि पुरुष डॉक्टर, बाजूला मुलगा उभा, तिथे ती हे कसं सांगणार.

म्हणजे झालं काय बघा. आई गोळी घेत नव्हती, म्हणून बीपी वाढलेलं दिसायचं. डॉक्टरांना वाटायचं गोळी घेऊनही बीपी वाढतंय, म्हणून ते डोस वाढवायचे. तीन वर्षं डोस वाढत गेला अशा औषधाचा जे पोटात जातच नव्हतं. आणि मग एप्रिलमध्ये मी आले आणि तो सगळा वाढलेला डोस एकदम, रोज, न चुकता तिच्या पोटात घातला.

मी काही बोलूच शकले नाही त्या दिवशी. डॉक्टर म्हणाली, तुम्ही कागदावर होतं तेच दिलंत, पण कागद आजींना धरून लिहिलेलाच नव्हता.

पुढच्या वेळी येताना घरातली सगळी औषधं पिशवीत भरून आणा म्हणाली, आयुर्वेदिक, मलमं, शेजारणीने दिलेली पण. हे प्रत्येकाने करावं असं मला वाटतं, नुसती चिठ्ठी नको, पिशवीच न्या. २५ मेलाच पाऊस आला त्या वर्षी, मान्सून देवगडपर्यंत पोचल्याची बातमी टीव्हीवर होती, आणि २६ ला आम्ही भर पावसात ती पिशवी घेऊन पीएचसीत. तिने टेबलवर सगळं पसरलं आणि एकेक उचलून आईलाच विचारलं ही कशासाठी घेता. काही आईला माहीत होत्या, काही मला पण नव्हत्या.

त्यातून जे निघालं ते लिहिते, पण हे वाचून कोणी आपल्या घरी परस्पर गोळ्या बंद करू नका, प्रत्येकाचं वेगळं असतं. बीपीची एक गोळी, अ‍ॅम्लोडिपिन, १० च्या डोसला काही जणांचे पाय सुजतात. आईचे सुजले होते. ती सूज पाणी साठल्यामुळे आहे असं समजून लघवीची दुसरी गोळी आली होती, म्हणजे एका गोळीचा त्रास घालवायला दुसरी गोळी. गुडघ्याच्या दुखण्याची गोळी रोज घेतली तर बीपी वाढवते आणि किडनीलाही चांगली नाही, तीही ती वर्षभर घेत होती, ती मात्र न चुकता, कारण तिने बरं वाटायचं. शुगरची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ६.२ होती, आणि मला वाटायचं वा किती छान कंट्रोल, तर डॉक्टर म्हणाली या वयात, एकटं राहणाऱ्या माणसाला, एवढी खाली नकोच, शुगर एकदम उतरली तर रात्री उठवायला कोण आहे.

मग तिने एक गोष्ट केली जी तोवर कोणीच केली नव्हती. आईला पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घेतलं, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. झोपून १४२, उभं राहिल्यावर ११४. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर पडण्याचा धोका असतो. तुमच्या घरी कोणी पडत असेल, अंथरुणातून उठल्यावर चक्कर येत असेल, तर उभं करून बीपी घ्या असं डॉक्टरांना नक्की सांगा, पाच-सात मिनिटांचं काम आहे.

सगळं तिने एकटीने ठरवलं नाही. ई-संजीवनीवरून, म्हणजे सरकारी ऑनलाइन सल्ल्याची सोय आहे त्यावरून, फिजिशियनशी आमच्यासमोरच बोलली. रेंजमुळे दोनदा कॉल तुटला, आम्ही तासभर बसलो. मग एकेक करून बदल, एकदम नाही. लघवीची उरलेली गोळी बंद, अ‍ॅम्लोडिपिन ५ वर, दुखण्याची गोळी बंद करून साधी पॅरासिटामॉल लागेल तेव्हा, शुगरची एक कमी. झोपेची गोळी अचानक बंद करायची नसते, ती अर्धी, पाव करत सात आठवडे लागले आणि ते आठवडे कठीण गेले, आई रात्ररात्र जागी, मलाही फोन. मीठ पूर्ण बंद नको, बेताचं घाला, हे सांगितल्यावर पेजेत मीठ घालून खाताना तिचा चेहरा बघायला हवा होता.

२ जूनला सोडियम १३३, जून अखेरीस १३७. बाहेरच्या लॅबमध्ये दर वेळी ३५० रुपये. महिन्याच्या औषधांचा खर्च आधी २,४०० च्या आसपास होता, आता बीपी-शुगरच्या गोळ्या पीएचसीतूनच मिळतात आणि बाकी मेडिकलचे २५० होतात. उच्च रक्तदाबासाठी २०१७ च्या शेवटी देशात जो सरकारी उपक्रम सुरू झाला त्याच्या पहिल्या जिल्ह्यांत आपला सिंधुदुर्ग होता, हे तिनेच मला सांगितलं. घराजवळ गोळ्या, प्रत्येक पेशंटची नोंद, हे त्यातलंच. आणि आम्ही गाड्या करून लांब जात होतो.

मध्ये कार्डाचं काम केलं. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्नाची अट नाही, पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड, ऑक्टोबर २०२४ अखेरीस सुरू झालंय. दवाखान्यात पोचल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीच काढून ठेवा, आणि जवळचे कुठले दवाखाने त्यात आहेत तेही आधीच विचारून ठेवा. ग्रामपंचायतीत गेलो तर आईचे अंगठे उमटेनात, आयुष्यभर बागेत आणि चुलीपाशी काम केलेले हात. ओटीपी पाठवला तर आधारला जोडलेला नंबर बाबांचा, बंद झालेला. मग पोस्टात जाऊन नंबर बदलला, तेव्हा ५० रुपये लागले, आठवडाभर थांबलो, परत गेलो, तेव्हा झालं. दोन फेऱ्या आणि ऑपरेटर मुलाचा चांगुलपणा. तुमच्या आईबाबांच्या आधारला कोणता नंबर आहे ते आजच बघा.

मी जुलैत डोंबिवलीला परत आले. पण आई महिन्यातून एकदा, गावातल्या आशा कार्यकर्तीबरोबर किंवा एकटीच, पीएचसीत जात राहिली. मला फोनवर सांगायची, "आज तिणा माका इचारल्यान, परसात जाऊक लाइट लावलास काय म्हणान." लावला होता आम्ही, १,१०० रुपयांत, बटण तिच्या खाटेपाशी. खरं तर ते तीन वर्षांपूर्वी लावायचं होतं. गणपतीला सगळे गेलो तेव्हा ती स्वतः मोदक वळत बसली होती, पाय सुजलेले नाहीत, उभं राहून बीपी १३० च्या पुढेमागे. पडली नाही त्यानंतर एकदाही.

आणि ऑक्टोबरमध्ये कळलं की डॉक्टरचा बाँड नोव्हेंबरात संपतोय.

मला झोप लागली नाही त्या रात्री. वाचत बसले. २०१८ साली बीएमजे ओपन या वैद्यकीय नियतकालिकात नऊ देशांतले २२ अभ्यास एकत्र करून बघितले होते, त्यातल्या १८ मध्ये एकाच डॉक्टरकडे सातत्याने जाणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. नॉर्वेत तर लाखो लोकांच्या नोंदींवरून दिसलं की एकाच फॅमिली डॉक्टरकडे पंधरा वर्षांहून जास्त काळ असलेल्यांत, पहिल्याच वर्षात असलेल्यांच्या तुलनेत, मृत्यूचं प्रमाण सुमारे पंचवीस टक्क्यांनी कमी, दवाखान्यात भरती होणंही कमी. आधी हे वाचलं असतं तर मी म्हटलं असतं असं कसं, औषध तर तेच. आता आईचं बघितल्यावर मला त्यात काहीच नवल वाटलं नाही. पण आपल्या पीएचसीत डॉक्टर वर्षाने बदलणार असेल तर पंधरा वर्षं आणायची कुठून? बाँड असावाच, त्यामुळे तर ती लातूरची मुलगी आमच्या गावी आली, पण नवीन येणाऱ्याला जुन्याने पेशंट समोरासमोर सोपवायला दोन दिवस तरी एकत्र मिळायला नकोत का, हे मला राहून राहून वाटतं.

ते दोन दिवस मिळाले नाहीत. जाण्याआधी डॉक्टरने आईला एक दोनशे पानी वही आणायला सांगितली आणि पहिली दोन पानं स्वतः लिहिली, मराठीत, मोठ्या अक्षरात. कुठली गोळी का चालू, कुठली का बंद केली, सोडियमचे सगळे आकडे तारखांसह, झोपून-उभं राहून बीपी, डाव्या कानाने कमी ऐकू येतं, रात्री बाहेर जावं लागतं, मुलीचा नंबर. शेवटी एक ओळ होती, आजी बरं आहे म्हणाल्या तर पुन्हा एकदा विचारा. ज्यांच्याकडे अशी डॉक्टर नाही त्यांनी निदान असं एक पान स्वतः लिहून काढावं, मी भावाच्या सासूबाईंसाठी मागच्या महिन्यात लिहिलं, दीड तास लागला, त्यातला तासभर तर त्यांना विचारण्यातच गेला.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नवीन डॉक्टर आले. मी मुद्दाम सुट्टी टाकून गेले, कोकणकन्येचं तिकीट तत्काळमध्ये काढून. ओपीडीत गर्दी होती, दीड तासाने नंबर लागला. पुरुष डॉक्टर, तरुण, घाईत. केसपेपर बघत त्यांनी नेहमीसारखं माझ्याकडे बघून विचारलं, "काय त्रास होतोय यांना?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात आईने माझ्या मनगटावर हात ठेवला. पिशवीतून वही काढली, त्यांच्या पुढ्यात सरकवली आणि म्हणाली, "ह्या आधी वाचा. आणि माझ्या उजव्या कानाक बोला, डाव्यान माका आयकाक येना नाय. लघवीची गोळी मी घेवचंय नाय, ती कित्याक ता मी तुमका सांगतंय."

मी खुर्ची मागे घेतली आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. पंचवीस मिनिटांनी ती बाहेर आली. पुढची तारीख १२ जानेवारी, सोबत सोडियमचा रिपोर्ट घेऊन.